संगणकातला संगणक आणि त्याची वाढती डिस्क



समजा, तुमची २०० पानांची वही भरली आणि बाइंडरकडून तुम्ही तिला आणखी २०० कोरी पाने जोडून घेतली. वही जाड झाली खरी. पण पहिल्या पानावरील अनुक्रमणिकेत अजून 'विज्ञान : पाने २ ते २००' असेच लिहिले आहे. केवळ अनुक्रमणिका पाहून काम करणारा एखादा मनुष्य २०० व्या पानाशी थांबेल आणि म्हणेल, "वही भरली!" संगणक नेमका असाच वागतो. कसा, ते पाहू.

आभासी संगणक म्हणजे काय?

एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवता येतो. त्याला आभासी संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली. तिच्यात एकाच मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालत आणि खऱ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येकाला 'मिनिडिस्क' दिली जाई. आज आपल्या घरच्या संगणकावरही हे करता येते. आतल्या संगणकाला जी डिस्क दिसते, ती बहुधा बाहेरच्या संगणकावरील एक मोठी फाइल असते.

फाइलच ती! मग तिचा आकार वाढवणे सोपे. २० जीबीची फाइल ४० जीबीची करा, की झाले. पण आतला संगणक सुरू करून पाहिला, तर मोकळी जागा पूर्वीइतकीच दिसते. असे का?

तीन थर

याचे कारण, डिस्कवरील जागेचा हिशेब तीन थरांत असतो.

पहिला थर डिस्कचा, म्हणजे वहीच्या पानांचा. डिस्कचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात असे धरू. १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट. तेव्हा २० जीबीत ४,१९,४३,०४० सेक्टर होतात. ४० जीबीत त्यांच्या दुप्पट, म्हणजे ८,३८,८६,०८०.

दुसरा थर विभागांचा. विभागाला पार्टिशन म्हणतात. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि केवढा आहे, याची नोंद एका तक्त्यात असते. हीच आपली अनुक्रमणिका. जुन्या पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. त्यात फक्त चार नोंदी मावतात आणि प्रत्येक नोंद १६ बाइटांची असते. एवढ्या मोठ्या डिस्कची अनुक्रमणिका अवघ्या ६४ बाइटांत!

तिसरा थर फाइल व्यवस्थेचा. विभागातील कोणती जागा भरलेली, कोणती कोरी, कोणती फाइल कोठे, हे सारे ती लक्षात ठेवते.

आपण फाइल मोठी केली, तेव्हा पहिलाच थर वाढला. उरलेल्या दोघांना त्याची वार्ताही नाही!

वाढवताना बाहेरून आत

म्हणून डिस्क वाढवताना क्रम असा : आधी डिस्क, मग विभाग, शेवटी फाइल व्यवस्था. दुसऱ्या पायरीत फाइलींतील एक अक्षरही हलत नाही. तक्त्यातील विभागाचा आकार तेवढा बदलतो. समजा, विभाग २०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून ४,१९,४३,०३९ पर्यंत होता. आता तो ८,३८,८६,०७९ पर्यंत जाईल. मात्र सुरुवातीचा २०४८ हा आकडा बदलता कामा नये. तो चुकला, तर फाइली जागच्या जागी असूनही संगणकाला सापडणार नाहीत.

आणखी एक अडचण येते. तुमच्या विभागाच्या लगेच पुढे दुसरा विभाग असेल, तर? नवी पाने वहीच्या शेवटी, म्हणजे शेजाऱ्याच्या पलीकडे लागतात. विभाग सलग असावा लागतो. त्यामुळे शेजाऱ्याला ओलांडून तो वाढू शकत नाही. आधी शेजाऱ्याला पुढे सरकवावे लागते.

लहान करताना आतून बाहेर

डिस्क लहान करायची असेल, तर क्रम बरोबर उलटा. वहीची शेवटची पाने आधीच फाडली, तर त्यांवरचा मजकूर गेलाच! म्हणून प्रथम फाइल व्यवस्था आक्रसावी लागते. ती मागची माहिती पुढे आणून बसवते. मग विभाग लहान करायचा आणि सर्वांत शेवटी डिस्क. लिनक्समधील एक्स्ट-४ ही फाइल व्यवस्था चालू असतानाही वाढवता येते, पण लहान करताना तिचा वापर थांबवावाच लागतो. एक्सएफएस ही दुसरी व्यवस्था तर वाढवण्यासाठीच बनवलेली आहे. तिच्या बाबतीत लहान करण्याचा विचार न करणेच बरे.

करून पाहा

शिक्षकांच्या किंवा घरातील जाणत्या माणसाच्या मदतीने लिनक्सचा एक आभासी संगणक तयार करा. त्यात एक्स्ट-४ चा एकच विभाग ठेवा आणि दोन-चार फाइली लिहा. मग तो बंद करून त्याच्या डिस्कच्या फाइलीची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ही पायरी कधीही गाळू नका. आकडा चुकला, वीज गेली, तरी प्रत हाताशी असली म्हणजे भीती नाही.

आता डिस्क वाढवा आणि आतला संगणक सुरू करा. 'एलएसबीएलके' ही आज्ञा डिस्क आणि विभाग यांचे आकार दाखवते, तर 'डीएफ' ही फाइल व्यवस्थेचा. प्रत्येक पायरीनंतर दोन्ही आज्ञा द्या आणि कोणता आकडा बदलला ते वहीत मांडा. तीन थर तुम्हाला डोळ्यांनी दिसतील.

जाता जाता एक गणित. जुन्या तक्त्यात सेक्टरांची संख्या लिहायला ३२ बिटांचीच जागा असते. म्हणजे २ चा ३२ वा घात, एवढेच सेक्टर मोजता येतात. मग त्या तक्त्यातला एक विभाग जास्तीत जास्त किती जीबीचा असू शकेल? तुमचे उत्तर २,०४८ च्या आसपास आले, तर शाबास! त्याहून मोठ्या डिस्कसाठी ६४ बिटांचा नवा तक्ता का काढावा लागला, हेही तुमच्या लक्षात आले असेल.