ताप गेला, थकवा का जात नाही? डोक्याला सौम्य करंट देण्याच्या उपचाराविषयी

डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा कोरोनाचा ताप काही दिवसांत उतरतो. पण काहींचा थकवा महिनोन्‌महिने जात नाही. चार भांडी घासली की अंग गळून जाते, बोलता बोलता शब्द आठवत नाही. घरचे म्हणतात, "नाटकं करते." वस्तीत फिरताना आम्ही हे नेहमी ऐकतो. म्हणून आधी सांगतो : हा आळस नाही, आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कोरोनानंतर लांबणाऱ्या त्रासाची व्याख्या केली; त्यात थकवा हे मुख्य लक्षणांपैकी एक आहे.

या थकव्यावर 'डोक्याला करंट देणारे मशीन' निघाले आहे, ते घ्यावे का, असे काही भगिनी विचारतात.

उपचार काय आहे?
याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात ओले स्पंज डोक्याला बांधून २० ते ३० मिनिटे अगदी सौम्य वीज, साधारण २ मिलीअँपिअर, सोडतात. दुसऱ्यात डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरतात. चीरफाड नाही, भूल नाही. माणूस जागा असतो. मानसिक आजारात भूल देऊन देतात तो 'शॉक' हा नव्हे. चुंबकीय उपचाराला अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली.

थकव्यावर गुण येतो का?
स्पेन आणि ब्राझीलमध्ये कोरोनानंतरच्या थकव्यावर सौम्य विजेचे छोटे अभ्यास झाले. थकवा काही प्रमाणात कमी झालेला दिसला. पण प्रत्येक अभ्यासात रुग्ण शंभराच्या आतच होते. म्हणजे हा उपचार अजून तपासला जात आहे. कोणी 'खात्रीने बरे करू' म्हणून हजारो रुपये मागितले, तर कर्ज काढू नका. घरी मशीन आणून प्रयोग करू नका. कातडी भाजू शकते. फिट येणाऱ्यांनी, डोक्यात धातू किंवा हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे.

आज काय करावे?
१. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.
२. ताप कधी आला, कोणते काम जमत नाही, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.
३. दमण्याआधी थांबा. काम थोडे थोडे करा. मेहनतीनंतर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल तर व्यायामाची सक्ती नको.
४. पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे घरातल्या सर्वांनी वाटून घ्या. आजारी बाईला हे औषधाइतकेच गरजेचे आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या. मशीनच्या जाहिरातीला ते लागू आहे; आणि "ती नाटकं करते" या बोलण्यालाही.

जय भीम!