युरिया जातो कुठे?



‘साहेब, युरिया टाकून महिना झाला, तरी ऊस पिवळाच,’ ही तक्रार आम्ही प्रत्येक गटात ऐकतो. ४५ किलोच्या पोत्यात जवळजवळ २१ किलो नत्र. ते जातं कुठे?

मातीतले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, त्याचा नायट्राइट, मग नायट्रेट. शेवटच्या दोन पायऱ्यांना दोन वेगळे जिवाणू लागतात, असे आम्ही शिकलो होतो. पण मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत, मग दिसणार कसे? म्हणून आता नमुन्यातील सगळ्या जिवाणूंचा डीएनए एकदम काढून वाचतात. हेच मेटाजीनोमिक्स. त्यातूनच २०१५ साली कळले, की नायट्रोस्पायरा जातीतले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच पार करतात. पुढे शेतजमिनीतही ते सापडले.

पण सरीत पाणी तुंबले की हवा कोंडते. मग दुसरेच जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. खत बनावट म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही, आधी सरी बघा. युरिया हप्त्याहप्त्याने, वाफशावर, मातीआड करून द्या. चोपण, पाणथळ रानात निचऱ्याचे चर आधी काढा.