अंगावर काढू नका : गरोदरपणातला खोकला, ताप आणि धाप

"दिवस भरत आलेत, धाप लागणारच." "पडसंच आहे, काढ्याने जाईल." असं आपण घरात ऐकतो, स्वतःही बोलतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी या बोलण्यातच दोन दिवस निघून जातात आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. म्हणून या वेळी साधी धाप आणि आजाराची धाप यांतला फरक समजून घेऊ.

गरोदरपणात काय बदलतं?
वाढती गर्भपिशवी छातीखालचा पडदा वर ढकलते. फुफ्फुसांना पसरायला जागा कमी पडते, आणि शरीराला प्राणवायू तर जास्त लागतो. त्यामुळे फ्लू किंवा न्यूमोनिया झाला, तर गरोदर बाईची तब्येत लवकर ढासळू शकते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हेच दिसलं. आईला प्राणवायू कमी पडला, की पोटातल्या बाळालाही कमी पडतो. आजार वाढला तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा, बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचा धोका असतो.

फरक कसा ओळखायचा?
चढ चढताना, पाणी आणताना लागलेली धाप बसल्यावर कमी होते. ती साधी. पण खालीलपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा :
- बसल्या जागी धाप, बोलताना दम लागणं
- खोकल्यासोबत ताप
- छातीत दुखणं, ओठ निळसर होणं
- बाळाची हालचाल कमी वाटणं

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दुकानातून मनानं गोळी आणू नका. फ्लूची लस गरोदरपणात घेता येते. आशाताईंकडे चौकशी करा. चुलीच्या धुरापासून जमेल तितकं लांब राहा.

बाळंतपणानंतर
आईला सर्दी-खोकला असला तरी अंगावरचं दूध तोडू नका. त्या दुधातूनच बाळाला आजाराशी लढायचं बळ मिळतं. साबणाने हात धुवा, नाका-तोंडावर स्वच्छ रुमाल बांधा आणि पाजा. खोकणाऱ्या पाहुण्यांच्या हातात बाळ देऊ नका.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले, तर परत मोजा. तेवढेच आले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच निघा. पोट उडतंय म्हणून चटके देऊ नका. त्यानं आजार जात नाही, बाळाचे हाल मात्र होतात.

गटाने काय करायचं?
सरकारी दवाखान्यात गरोदर बाई आणि नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा. तरी वरखर्च लागतोच. अशा वेळी पुढच्या बैठकीची वाट न पाहता अंतर्गत कर्ज कसं द्यायचं, याचा ठराव आत्ताच करून ठेवा.

बैठकीत बोला : आपल्या गटात, शेजारी सध्या कोण गरोदर आहे? रात्री तिला दम लागला, तर सोबत कोण जाईल?