जबड्यातही हाडच असतं, डॉक्टर!

दातांच्या क्लिनिकच्या फॉर्मवर शुगर विचारली होती, बीपी विचारलं होतं, खर्रा खाता का तेही विचारलं होतं. हाडांबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून मीच सांगितलं: मला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा आहे, लहानपणापासून हाडं मोडत आली आहेत आणि त्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन घेते. डॉक्टर म्हणाले, "ते हातापायांचं झालं ताई. आपण तर जबड्यात काम करतोय." सोबत यजमान होते, त्यांनीही ऐकलं. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे क्लिनिकमध्ये हे वाक्य कुणालाच आठवेना.

आमच्या लाखांदुरात हाडं दुखतात म्हटलं की आधी सिकलसेलची तपासणी होते. या पट्ट्यात तो आजार आहेच, त्यामुळे ते बरोबरही आहे. माझी ती तपासणी निगेटिव्ह आली आणि खरं नाव सापडेपर्यंत वर्षं गेली. साधारण पंधरा-वीस हजार जन्मांमागे एकाला होणारा आजार. प्रत्येक डॉक्टरला तो पाठ असावा असं माझं म्हणणं नाही. पण सांगितल्यावर तरी थांबायचं! माझ्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर मी पुढे केला होता. दातांच्या डॉक्टरांनी तो घेतलासुद्धा नाही. पॅकेजचा कागद मात्र लगेच पुढे आला: दाढ काढणे, स्क्रू, वरची कॅप, 'लाइफटाइम वॉरंटी'.

ही वॉरंटी स्क्रूची असते, हाडाची नाही. इम्प्लांटची सगळी मदारच हाडावर. टायटॅनियमभोवती नवं हाड तयार होऊन ते धातूला घट्ट धरतं, या शोधावर स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात पहिले स्क्रू बसवले. माझ्या हाडातलं कोलॅजनच जन्मतः सदोष. त्यावर सलाइनचं औषध हाडाची झीज रोखतं, आणि जुनं हाड जाऊन नवं येण्याचा वेगही मंद करतं. फ्रॅक्चर कमी झाले ते त्याच औषधाने, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दाढ काढल्यावर कधी कधी जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. २००३ पासून हे वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत आहे. आमच्या आजारात हे क्वचितच होतं आणि इम्प्लांट नीट टिकलेले रुग्णही आहेत, हेही खरं. पण त्यांच्याबाबतीत आधी कुणीतरी विचार केला होता.

माझी दाढ काढली, स्क्रू बसवला, पण कॅप पुढे पुढे ढकलली जात राहिली. जिभेला हिरडीतून काहीतरी खरखरीत लागायचं. "सूज आहे, गुळण्या करा." शेवटी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या शिकाऊ मुलीने तोंडात बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "काकू, हाडांसाठी कुठलं इंजेक्शन घेता का?" मला तिथेच रडू फुटलं. एवढाच प्रश्न होता हो! जिभेला लागत होतं ते माझंच हाड होतं.

क्लिनिकला फोन केला तर उत्तर आलं, "आमचं काम परफेक्ट आहे, तुमचं हाडच खराब आहे." म्हणजे जे मी पहिल्या दिवशी सांगितलं, तेच आता मला ऐकवत होते, तेही जणू मी लपवलं होतं अशा सुरात.

असा आजार घरात असेल, तर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख कागदावर लिहून द्या आणि त्यावर क्लिनिकची सही-शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. दाढ काढण्याआधी रूट कॅनाल करून मूळ वाचतं का, हे विचारा. अशा औषधावर असलेल्यांसाठी शक्यतो तोच मार्ग आधी पाहतात. सलाइन सुरू करायचं असेल तर दातांची कामं त्याआधी उरका. "दोन महिने औषध बंद ठेवा, मग करू" असं कुणी म्हटलं तर फसू नका; ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. एका रक्ततपासणीवरून धोका नाही असं सांगणाऱ्यावरही विसंबू नका. काढघालीची कवळी दिसायला बरी नसेल, पण तिला हाडात भोक पाडावं लागत नाही. बाकी दात घासा, गोड कमी खा, वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेच.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आपला आजार आहे आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. लाखांदूरहून केईएम गाठायचं म्हणजे काय, ते धोरण लिहिणाऱ्यांना कोण सांगणार!

पैसे देऊन घेतलेल्या उपचारांची तक्रार ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे भांडणात वेळ घालवू नका. आधी फाइल, एक्स-रे आणि पावत्या लेखी अर्ज करून मागा. मी मागितल्या आहेत. त्यांनी अजून दिलेल्या नाहीत, पण अर्जाची पोच माझ्याकडे आहे.