ट्रॅक्टरची बॅटरी : बंद हंगामातील निगा व चार्जिंग



गळीत हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एक देखावा ठरलेला असतो. ऊस तुटून पडला आहे, टोळी खोळंबली आहे आणि चार माणसे ट्रॅक्टरला धक्का मारताहेत. ड्रायव्हर म्हणतो, "काल तर सेल्फ लागला होता!" त्याचे म्हणणे खोटे नसते. पण बॅटरी काही एका रात्रीत मेलेली नसते. पावसाळ्याचे महिने शेडमध्ये नुसती उभी राहून ती आतून गेलेली असते. तोडलेला ऊस फडात जितका वाळेल तितकी वजनात घट, आणि ती घट आपल्याच बिलात येते. म्हणून या अंकात बॅटरीविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आत काय असते?

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यात सहा कप्पे, प्रत्येक कप्पा सुमारे २ व्होल्टचा. कप्प्यात शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाचे ॲसिड. बॅटरी वापरली, की ॲसिडमधला गंधकाचा अंश प्लेटांवर बसतो व ॲसिड पातळ होते. चार्ज केली, की तो पुन्हा ॲसिडात जातो. पण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर प्लेटांवरचा हा पांढरट थर कडक होतो. मग तो चार्जिंगनेही पुरता निघत नाही.

क्षारपड जमिनीसारखेच हे आहे. वेळेवर निचरा केला तर जमीन हाती राहते, दुर्लक्ष केले तर गेलीच. बॅटरी वापराने जितकी मरते, त्याहून जास्त उपाशी ठेवल्याने मरते, एवढे ध्यानात ठेवावे.

हंगामात कुठे चुकते?

कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद, पण दिवे आणि टेप चालूच! हिशेब करून बघा. दोन हेडलाइट मिळून साधारण ९ ॲम्पिअर खातात. ८८ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असेल, तर पाच तासांत निम्मी उतरली. वर स्पीकरचे निराळे. मग पहाटे सेल्फ कसा लागणार?

सेल्फ मारताना १० सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा मारावा. फॅन बेल्ट सैल असेल तर अल्टरनेटर बॅटरी नीट भरत नाही, तेव्हा बेल्टही बघत जावे.

पाणी कोणते घालावे?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे वा बोअरचे पाणी क्षाराचे, ते प्लेटा खाते. आरओचे पाणी पिण्यास चांगले, पण त्यातही थोडे क्षार राहतातच. पाणी प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीइतके, म्हणजे १० ते १५ मिलिमीटर असावे. काठोकाठ भरू नये, चार्ज होताना ॲसिड उतू जाते. पातळी कमी झाली म्हणून वरून ॲसिड कधीही ओतू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. बुचे नसलेली सीलबंद बॅटरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

बंद हंगामात काय करावे?

१. ट्रॅक्टर उभा करून ठेवायचा असेल, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी.

२. केबल काढून ठेवावी. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पान्हा लोखंडाला लागून ठिणगी पडत नाही.

३. टर्मिनलवरची बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. सोडा बुचातून आत जाऊ देऊ नये. केबल जोडून घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावावे.

४. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी. नुसती ठेवलेली बॅटरीही हळूहळू उतरतच असते.

चार्जिंग कसे करावे?

करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका ठेवावा. ८८ ॲम्पिअर-अवरला ८ ते ९ ॲम्पिअर. "तासाभरात भरून द्या" अशी घाई केल्यास बॅटरी तापते आणि प्लेटा वाकतात. चार्जर काढून काही तासांनी मीटर लावावा. १२.६ व्होल्ट वा अधिक दिसले तर भरली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक कप्पा तपासावा. भरलेल्या कप्प्यात १.२६५ ते १.२८० दाखवतो. पाच कप्पे चांगले आणि एकच फार खाली, तर तो कप्पा गेला असे समजावे.

जिवाची काळजी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. एका ठिणगीने तो पेटतो, बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येते. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, जवळ विडी-सिगारेट नको. पाणी बघायला काडी पेटवणे तर मुळीच नको, बॅटरीचा टॉर्च घ्यावा. ॲसिड डोळ्यांत उडाल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे आणि तडक दवाखाना गाठावा. बॅटरी अगदीच निकामी झाली तर घरी फोडू नये. शिसे विषारी आहे. जुनी दुकानदाराला परत करावी व तिची किंमत नवीच्या बिलात वळती करून घ्यावी.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो. त्याच दिवशी बॅटरीची बुचे उघडून पाणी बघावे आणि मीटर लावावा. हंगामाला तेव्हा थोडेच दिवस उरलेले असतात. काही कमी-जास्त असेल, तर ते फडात नव्हे, घरीच समजेल.