आधी कान, मग माइक

आठवीच्या मुलांकडून इतिहासाचे पॉडकास्ट करून घ्यायला लागले तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, मुलं धीटपणे बोलायला लागली का?" लागली, थोडीफार. पण त्याहून जास्त ती ऐकायला लागली, आणि या उपक्रमाचा खरा फायदा मला तोच वाटतो. आमचं गाव मराठवाड्यातलं. सत्तरीपुढचं माणूस ज्या घरात आहे त्या घरात १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी आहेतच. त्या गोळा करता करता हाती लागलेलं हे चार शब्दांत.

१. विषय घरात शोधावा, पुस्तकात ताडून पाहावा.
'पाण्याचे महत्त्व' असा विषय दिला की मुलं निबंध वाचून दाखवतात. 'बहात्तरात आजीने काय खाल्लं?' एवढंच विचारून यायला सांगितलं, तर रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडून हाताला पडलेले घट्टे असं बरंच काही वर्गात येतं. मग पुस्तक उघडायचं. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, हे वाचताना मुलांना त्या ५० लाखांत आपली आजी दिसते.

२. प्रश्न पाचच लिहून न्यावेत. सहावा उत्तरातून निघावा.
एका मुलीने आजीला विचारलं, "कामाला कुठं जायचीस?" आजी म्हणाली, "तळ्यावर. लेकरू झोळीत टाकायचं न् माती वाहायची." कागदावरचा पुढचा प्रश्न मजुरीचा होता. मुलीने तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "माळावर झाडं कुठं होती गं? झोळी कशाला बांधायचीस?" "तीन लाकडांचं तिकाटणं करायचं, त्याला लुगडं बांधायचं," आजीने सांगितलं. त्या भागातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं वाक्य तेच. हा प्रश्न कुठल्याही प्रश्नावलीत नसतो. समोरच्याचं बोलणं नीट ऐकणाऱ्यालाच तो सुचतो.

३. ध्वनिमुद्रणासाठी गोधड्या पुरतात.
साधा फोन चालतो. तो फ्लाइट मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरावा; नाहीतर प, फ, भ म्हणताना फुंकर माइकवर आदळते. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. भिंतीशी दोरी बांधून दोन-तीन गोधड्या टाकल्या की घुमणं बरंच कमी होतं. बोलण्याआधी दहा सेकंद नुसती शांतता मुद्रित करायला लावते. ती ऐकवली की मुलं चकित होतात : पत्र्यावरची कबुतरं, बोअरची मोटर, शेजारच्या वर्गातले पाढे! रोज त्याच आवाजात बसतो, पण ऐकत कोणीच नसतो.

४. वाचून दाखवू नये. मुद्दे समोर ठेवून बोलावं.
पाठ केलेलं किंवा कागदावरून वाचलेलं कानाला लगेच कळतं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावतील तेवढेच मुद्दे घ्यायचे, हा आमचा नियम. प्रस्तावना प्रमाण मराठीत, आजीशी गप्पा घरच्या बोलीत. 'तसं नको, शुद्ध बोल' असं म्हटलं की आजी गप्प होते आणि नातूही. दूरच्या श्रोत्याला कुठला शब्द समजावून सांगावा लागेल, हे मुलंच ठरवतात. भाषेचा तो वेगळा तास घ्यावा लागत नाही.

५. शिकणं कात्रीत आहे.
वीस मिनिटांच्या गप्पांतून चार मिनिटांचा भाग करायचा. शाळेच्या संगणकावर 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. नसेल तर फोनवरचं साधं अॅपही पुरतं. जे कापलं ते का कापलं, हे वहीत एका ओळीत लिहावं लागतं. यातून सारांश लिहिण्याचा सराव होतो आणि मुलं तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकतात. एक पथ्य मात्र कडक : बोलणाऱ्याचा अर्थ बदलेल असं काही कापायचं नाही.

६. आठवण आणि नोंद दोन्ही ठेवाव्यात.
बऱ्याच आजी-आजोबांनी सांगितलं, "त्या मिलोबरोबरच काँग्रेस गवत आलं." मुलांनी शोधलं, तर या गवताची पुण्यातली नोंद १९५०च्या दशकातली, म्हणजे दुष्काळाच्या कितीतरी आधीची. "मग आजोबा खोटं बोलले?" यावर वर्गात चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं की आजोबांचं वाक्य तसंच ठेवायचं आणि पाठोपाठ निवेदकाने जुनी नोंद सांगायची. आमच्या शिवारात ते गवत लोकांच्या डोळ्यांवर आलं असेल त्याच सुमारास. माणूस काय आठवतो आणि कागद काय सांगतो, हा फरक आठवीच्या मुलांना व्याख्येशिवाय कळला.

७. परवानगी आधी, फोन नंतर.
भुकेच्या आठवणी सोप्या नसतात. आजीचा गळा दाटला की फोन बंद करून पाणी द्यायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. भाग तयार झाला की तो आधी तिलाच ऐकवायचा. ती 'नको' म्हणाली तर तो विषय तिथेच संपला. मुलांचे आवाज शाळेबाहेर पाठवायचे तर पालकांची लेखी संमती हवी, आणि पूर्ण नाव-पत्ता भागात नको. सिनेमाची गाणीही नकोत. आमच्याकडे सुरुवातीला हलगी वाजते, आणि ती वाजवणारा आमच्याच वर्गातला आहे.

८. गुण आवाजाला देऊ नयेत.
खणखणीत आवाज उपजत असतो. त्याचे गुण दिले की स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवणारी मुलंच इथेही पुढे. मी गुण देते ते उत्तरातून काढलेल्या प्रश्नाला, ताडून पाहिलेल्या माहितीला आणि कापण्याच्या कारणांना. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा हेडफोन लावून बसला की श्वासाचा खरखराटसुद्धा हेरतो. त्याच्या होकाराशिवाय आता कुठलाच भाग पुढे जात नाही.

९. ऐकणारे ठरलेले असावेत.
नुसतं ग्रुपवर टाकलं की अंगठे येतात आणि विषय संपतो. आम्ही परिपाठात भाग ऐकवतो आणि इतर वर्गांकडून प्रश्न घेतो. सातवीतल्या एकाने विचारलं, "दुष्काळात आपली शाळा भरत होती का?" आजी-आजोबांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. म्हणून १९७२-७३ची हजेरीपत्रकं पाहू द्यावीत, असा अर्ज मुलांनी मुख्याध्यापकांना दिला आहे. पुढचा भाग त्यावरच करायचा आहे.