बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते?

चाकाचे बेअरिंग एकदा गेले तर ते झिजले असे म्हणता येते. त्याच चाकाचे बेअरिंग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेले, तर दोष त्याच्या अवतीभवती कुठेतरी आहे असे धरूनच तपास करावा लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या फोर-बाय-फोर गाड्यांना हा त्रास विशेष होतो. आठवडाभर घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे आणि सुट्टीच्या दिवशी मुरबाड-शहापूरकडचे ओढे, फरशी पूल, भातखाचरांच्या कडेचा चिखल, असे दुहेरी काम त्यांना पडते. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या महिंद्रा जीपचे पुढचे डावे बेअरिंग असेच वारंवार जात असे. दर वेळी नवे बेअरिंग बसवले जाई, आणि जुने त्याच दिवशी भंगारात जाई.

खरे तर ते जुने बेअरिंग हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो. ते रॉकेलने धुण्याआधी त्यातले ग्रीस बोटावर घेऊन पाहावे. दुधाळ, कॉफीच्या रंगाचे ग्रीस म्हणजे आत पाणी शिरले आहे. पातळ, काळपट, गिअर ऑइलचा वास येणारे ग्रीस म्हणजे डिफरन्शियलचे तेल ॲक्सलमधून हबपर्यंत पोचले आहे. मग धातू पाहावा. कपवर, म्हणजे बाहेरच्या कड्यावर, रोलरच्या अंतराअंतराने गंजाचे पट्टे असतील, तर ओले बेअरिंग बरेच दिवस एका जागी उभे राहिलेले असते. निळसर-तपकिरी रंग अति उष्णतेची खूण आहे. अशा वेळी अडकलेला ब्रेक कॅलिपरही तपासावा. कपच्या एकाच बाजूचे पापुद्रे निघाले असतील, तर कप तिरका बसला आहे किंवा स्पिंडल वाकला आहे. कोनची, म्हणजे आतल्या कड्याची, आतली बाजू आरशासारखी घासली असेल, तर कोन स्पिंडलवर फिरत होता.

वर सांगितलेल्या जीपमध्ये ही शेवटची खूण होती. स्पिंडलची बसक झिजलेली होती, म्हणून कितीही उत्तम बेअरिंग घातले तरी ते सैलच बसे. हे डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोमीटर लावावा लागतो. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या परिसरातला कोणताही जाणता लेथवाला हे मोजून देतो. हबमध्ये कप सैल असेल तर पंचचे ठिपके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून तो घट्ट करण्याची पद्धत आहे. ती अजिबात मान्य करू नये. असा कप थोड्याच दिवसांत पुन्हा हलतो आणि चाक तिरके चालू लागते. स्पिंडल किंवा हब बदलणे महाग वाटते, पण माळशेज घाटाच्या उतारावर चाक सुटण्याशी त्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही.

पाणी आत कसे जाते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. लांब चालून आलेला हब गरम असतो आणि आतली हवा प्रसरण पावलेली असते. गाडी थंड ओढ्यात उतरली की ती हवा एकदम आकसते, आत दाब कमी होतो आणि ऑइल सीलच्या ओठावरून पाणी ओढले जाते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गाडी थोडा वेळ थांबवून हब निवू द्यावेत. डिफरन्शियलच्या ब्रीदरचेही असेच आहे. तो चिखलाने बुजला तर गरम झालेले तेल सीलवरून बाहेर ढकलले जाते आणि गार होताना पाणी आत येते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेणे हा अतिशय स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. कल्याणच्या खाडीकाठचे खारे पाणी तर गोड्या पाण्यापेक्षा फार लवकर गंज चढवते. तिथून आल्यावर हब उघडून ग्रीस बदलण्यात चालढकल नको. दर वेळी नवा सील घालावा आणि सील ज्यावर घासतो त्या पृष्ठभागावर खाच पडली आहे का, ते नखाने चाचपावे. जुने आणि नवे ग्रीस मिसळू नये. दोन जातींची ग्रीसे एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात.

जुन्या जीपच्या हबमध्ये असते त्या टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन या बग्ग्या बनवणाऱ्या उद्योजकाने १८९८ साली घेतले. उभा भार आणि वळताना येणारा आडवा जोर दोन्ही ते पेलते, पण नट योग्य कसला असेल तरच. चाक फिरवत नट घट्ट करायचा आणि मग जुन्या जीपमध्ये साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. इतर गाड्यांना त्यांच्या मॅन्युअलमधला आकडा. बाहेरचा लॉक नट आवळल्यावर प्ले, म्हणजे बेअरिंगमधली ढिलाई, बदलतो, म्हणून शेवटी डायल गेजने पुन्हा पाहावे. बहुतेक हबना ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर प्ले चालतो. कप छिन्नीने ठोकून बसवला असेल, तर त्यावर पडलेले व्रण बेअरिंगला पहिल्या दिवसापासून खातात.

रुंद टायर आणि स्पेसर यांचा हिशेब मालक सहसा करत नाहीत. समजा, चाकावर ४५० किलो भार आहे, दोन बेअरिंगमध्ये ६० मिलिमीटर अंतर आहे आणि भाराची रेषा बरोबर मधून जाते. तेव्हा प्रत्येकावर २२५ किलो येतात. ३० मिलिमीटरचा स्पेसर घातला की रेषा बाहेरच्या बेअरिंगवर सरकते आणि सगळे ४५० किलो त्याच्यावर पडतात. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य सुमारे एक दशांश उरते. पुन्हा पुन्हा बाहेरचेच बेअरिंग जात असेल, तर आधी स्पेसर काढावा.

विंचसाठी बंपरला वेल्डिंग केल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर अर्थची जागा विचारावी. अर्थ दूर लावला असेल तर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जाऊन रोलरच्या वाटेवर बारीक खड्डे पाडू शकतो.

दोष नक्की बेअरिंगचाच आहे ना, हे जॅकवर कळते. चाक वर-खाली धरून हलवावे आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. रस्त्यावर गुणगुण उजवीकडे वळताना वाढत असेल, तर संशय डाव्या चाकावर घ्यावा. मड टायरचा आवाज मात्र डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो.

नव्या गाड्यांच्या सीलबंद हब युनिटमध्ये ग्रीस भरता येत नाही की प्ले जुळवता येत नाही. तिथे नटचा टॉर्क हीच जुळवणी असते. तो टॉर्क रेंचनेच द्यावा आणि तो पूर्ण होईपर्यंत चाक जमिनीवर टेकवू नये. ज्या बेअरिंगच्या सीलमध्ये एबीएसची चुंबकीय कडी असते, ते उलटे बसले तर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा लागतो.